वाफेचा रथ आणि आपला शेजारी

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त प्रताप नगर, नागपूर येथे केलेले भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी वक्त्याने धर्मग्रामाचा इतिहास सांगावा, एखाद्या संताचे चरित्र वर्णावे, अथवा निदान तरुणांना उपदेशाचे चार शब्द ऐकवावे, अशी रीत आहे. ती सोडून मी आज आगगाडीवर बोलणार आहे, हे ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु मी विषय सोडून चाललो नाही, हे दाखविण्यास फार वेळ लागणार नाही. ह्या मंडपात बसलेल्या कोणत्याही कुटुंबास विचारा, तुमचे आजोबा-पणजोबा कोठले? कोणी वसईचे नाव घेईल, कोणी गोव्याचे, कोणी मंगळूरचे. कोणी तमिळनाडूतील एखादे खेडे सांगेल, कोणी केरळ, कोणी छोटा नागपूर. मग विचारा, ते नागपुरास आले कसे? उत्तर बहुधा एकच मिळेल. आपल्या वेदीभोवती दर रविवारी जी माणसे जमतात, ती निरनिराळ्या मुलखांतून आणून एका बाकावर बसविण्याचे काम प्रभूने ज्या साधनांकरवी केले, त्यांत लोखंडी रुळांचा वाटा लहान नाही.

आगगाडीची स्तुती करणारे बहुधा तिच्या वेगाची स्तुती करतात. माझ्या मते वेग ही तिच्या कर्तबगारीतील लहान बाब होय. 'दूर' आणि 'जवळ' ह्या दोन शब्दांचे अर्थच तिने बदलून टाकले, आणि ज्याचे तोंडही आपण कधी पाहिले नसते अशा मनुष्यास आणून आपल्या गुडघ्याला गुडघा लावून बसविले. तो आपला शेजारी झाला की नाही, हा प्रश्न मात्र तिने आपल्याकडेच ठेवला. ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या लोकांनी वेळोवेळी कसे दिले, ते आज पाहू.

प्रथम आगगाडीपूर्वीचे जग डोळ्यांपुढे आणा. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक १८५७ साली द्रव्य मिळविण्याच्या आशेने उत्तर हिंदुस्थानात गेले. त्यांनी पुढे लिहिलेला 'माझा प्रवास' हा ग्रंथ १९०७ साली प्रसिद्ध झाला, आणि तो आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. त्यांत बंडाची, झाशीची, लुटालुटीची हकीकत आहे, म्हणून लोक तो वाचतात. मला त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. गोडसे भटजींनी जो मुलूख ओलांडला, तो सगळा पायांखालून गेला. कोणती नदी कोठे उतरावी, कोणत्या गावी पाणी गोड, कोठे चोरांचे भय, कोणाच्या ओसरीवर रात्र काढता येईल, हे ज्याला ठाऊक नाही त्याला प्रवासच करता येत नसे. घरातून निघालेला मनुष्य परत येईलच, अशी खात्री कोणालाही देता येत नव्हती. भटजी आईबापांसाठी गंगेचे पाणी कावडीने घेऊन आले. ती कावड खांद्यावरून किती कोस आली, ह्यातच त्या पाण्याचे मोल होते.

आपल्या नागपूरचे पाहा. मुंबई येथून रुळाच्या वाटेने सुमारे ५२० मैल. बैलगाडी दिवसाला बारा-पंधरा मैल चालते असे धरले, आणि वाटेत बैल बसला नाही, चाक मोडले नाही, नदीला पूर आला नाही असे मानले, तरी महिना-सव्वा महिना मोडलाच. पावसाळ्यात तर काळ्या जमिनीचा चिखल चाकाच्या तुंब्यापर्यंत येई आणि चार महिने वाट बंदच. व्यापाराचा माल लमाणांच्या तांड्यांतून बैलांच्या पाठीवर जाई. आपल्या ख्रिस्ती मंडळीची स्थिती याहून निराळी नव्हती. कामठीची छावणी १८२१ साली वसली. तेथे मद्रासेच्या पलटणी असत, आणि त्यांतील कॅथलिक शिपायांच्या निमित्ताने ह्या भागात धर्मगुरू येऊ लागले. फ्रान्स देशाच्या सीमेवरील सव्हॉय प्रांतातून, ॲनेसी शहरातून आलेल्या संत फ्रान्सिस डी सेल्सच्या संघाकडे हा मुलूख सोपविण्यात आला, परंतु त्यांचे मुख्य ठाणे होते विशाखापट्टणम्. म्हणजे आपले महागुरू समुद्रकाठी आणि आपण हिंदुस्थानच्या मध्यभागी. मध्ये डोंगर, अरण्य आणि बैलगाडीची वाट. एखाद्या बालकाच्या दृढीकरणासाठी महागुरूंनी यायचे म्हटले, तर ते बालक तोपर्यंत बाप्या व्हावयाचे, असे आपण विनोदाने म्हणू शकतो. त्या काळच्या आईबापांना तो विनोद वाटला नसेल.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीन वाजता बोरीबंदराहून ठाण्यास पहिली उतारूंची गाडी सुटली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, साहेब, सिंध आणि सुलतान अशा नावांची तीन इंजिने, आणि तोफांची सलामी. अंतर अवघे २१ मैल. हे वर्णन शाळेच्या पुस्तकांतून आपण सर्वांनी वाचले आहे, म्हणून त्यावर मी रेंगाळत नाही. एक गोष्ट मात्र आपल्याच घरातील म्हणून सांगतो. परमगुरू सोळावे ग्रेगरी यांना रेल्वे मुळीच मान्य नव्हती, आणि १८४६ साली त्यांचा अंत होईपर्यंत पोपच्या राज्यात रूळ पडले नाहीत. त्यांच्यामागून आलेल्या नवव्या पायसनी परवानगी दिली आणि १८५६ साली रोम ते फ्रास्काती ही गाडी सुरू झाली. म्हणजे रोमकरांस आगगाडी मिळाली ती ठाणेकरांच्या तीन वर्षे मागाहून! वृद्धांना नव्या वस्तूचा संशय येतो, हे काही केवळ आपल्या आजीबाईंचेच वैशिष्ट्य नव्हते.

नागपुरास गाडी आली १८६७ साली. तिच्या वाटेत सह्याद्री उभा होता. थळ घाटाचा मार्ग १८६५ साली खुला झाला. कसाऱ्याहून इगतपुरीस चढताना तेरा बोगदे खणावे लागले, दऱ्यांवर पूल बांधावे लागले. तिकडे बोरघाटात तर पंचवीस बोगदे. हे काम कोणी केले? इंजिनियरांची नावे ग्रंथांत आहेत, ठेकेदारांची आहेत. घाटमाथ्यावर सुरुंग पेरणारा, कड्याला दोर लावून लोंबकळत पहार मारणारा मजूर मात्र कोणत्याही वहीत नाही. महामारीने, तापाने, दरडी कोसळून आणि सुरुंगांच्या स्फोटांनी दोन्ही घाटांत जे मेले, त्यांची गणती हजारांत आहे. त्यांत बायका होत्या आणि मुले होती, कारण मजूर कुटुंबासह कामावर येत. गाडी घाट चढताना आपण खिडकीतून धबधबे पाहतो, मुलांना बोगदे मोजावयास लावतो. त्या प्रत्येक बोगद्याच्या तोंडाशी कोणाची तरी बिननावाची माती आहे.

आता गाडीत बसलेल्या पहिल्या पिढीच्या मनाचे काय झाले, ते पाहा. बैलगाडीतून जाणारा मनुष्य मुलखाच्या आत असतो. धूळ त्याच्या नाकात जाते, बाभळीचा काटा त्याच्या धोतराला लागतो. आगगाडीतला मनुष्य मुलखाकडे पाहतो. रुळालगतचे झाड दिसले न दिसले तोच मागे जाते, आणि क्षितिजावरचा डोंगर मात्र बराच वेळ सोबत चालत राहतो. जवळचे पळते आणि दूरचे स्थिर राहते, हा अनुभव मनुष्यजातीस नवा होता. पूर्वी दोन गावांमधली वाट हीच मोठी गोष्ट असे. आता गावे तेवढी उरली आणि वाट नाहीशी झाली. भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा, नागपूर: वऱ्हाडातला मनुष्य ही नावे जपमाळेच्या मण्यांसारखी एकामागून एक म्हणू लागला. दोन मण्यांमधला धागा कोणत्या शेतातून गेला आहे, हे त्याला सांगता येईनासे झाले. येथे काही हरवले, असे मला वाटते. परंतु ज्याला चिखलातून गाडी ढकलावी लागली होती, त्याला ते हरवल्याचे दुःख झाले असेल, असे मात्र मी म्हणणार नाही.

काळाचेही तसेच. आपले पूर्वज प्रहर आणि घटका मोजीत. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटे. घटकाभर इकडेतिकडे झाली तर कोणाचे काही बिघडत नसे. आगगाडीने 'मिनिट' ही वस्तू खेड्यात नेली. गाडी दहा वाजून सात मिनिटांनी सुटते म्हणजे ती सातव्या मिनिटालाच सुटते, पाटलासाठी थांबत नाही आणि शास्त्रीबुवांचा मुहूर्तही पाहत नाही. त्यांतही मौज अशी की प्रत्येक शहराची वेळ निराळी. सूर्य मुंबईस माथ्यावर येतो तो नागपूरच्या मागाहून सुमारे पंचवीस मिनिटांनी, आणि मद्रासेस येतो तो नागपूरच्या आधी सुमारे पाच मिनिटे. प्रत्येक स्टेशनावर तेथल्या सूर्याप्रमाणे घड्याळ लावले असते तर वेळापत्रक छापणाऱ्यास वेडच लागले असते. म्हणून १९०५ सालापर्यंत देशातील बहुतेक गाड्या मद्रासच्या वेळेने चालत, आणि १ जानेवारी १९०६ पासून सर्व देशासाठी एक वेळ ठरली. तेव्हापासून नागपुरात भर दुपार होते ती घड्याळात बारा वाजून तेरा-चौदा मिनिटांच्या सुमारास. ऋतूप्रमाणे थोडे मागेपुढे होते. आपली दुपारची आंजेलुसची घंटा आपण बाराला वाजवितो. म्हणजे देवदूताने मारियेला दिलेल्या निरोपाचे स्मरणही आज आपण सूर्याच्या वेळेने करीत नाही, स्टेशनाच्या वेळेने करतो! ह्यात पाप काही नाही. रुळांनी किती खोलवर घर केले आहे, हे दाखविण्यापुरते सांगितले.

परंतु माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा पालट घडला तो डब्याच्या आत. कल्पना करा, एक लाकडी बाक. त्यावर कोण बसावे हे ठरविणारी एकच वस्तू, ती म्हणजे तिकीट. बाकाला जात कळत नाही. सनातनी मंडळी अशा गाडीत पाऊल ठेवणार नाहीत, असे भाकीत कित्येक साहेबांनी केले होते. ते साफ खोटे ठरले. लोक आले, झुंडींनी आले, तिसऱ्या वर्गात दाटीवाटीने बसले. आणि बसल्यावर बोलू लागले. आपल्या लोकांना शेजाऱ्याशी न बोलता चार कोसही जाता येत नाही, हे आपण जाणतोच.

ह्या बोलण्यातून काय घडू शकते, त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्याच नागपूरच्या रुळावर घडले आहे. नागपूरहून पूर्वेस राजनांदगावकडे जाणारा मार्ग प्रथम मीटर मापाचा होता आणि १८८२ पर्यंत तयार झाला होता. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद केला. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक हे तरुण कवी नागपूरहून राजनांदगावास निघाले होते. ते चित्पावन ब्राह्मण, संस्कृताचे व्यासंगी, मनाने अस्वस्थ, पोटापाण्याच्या शोधात. इंटर वर्गाच्या डब्यात त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. साहेब म्हटला की तो नेटिवास डब्यातून हाकलणार, असा तो काळ. ह्या गृहस्थाने हसून जागा करून दिली, संस्कृत काव्याविषयी बोलणे काढले, आणि बोलता बोलता गोष्ट धर्मावर आली. उतरताना त्यांनी टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि, तुम्ही दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते भाकीत मुळीच खरे वाटले नाही. परंतु वाचावयाचे वचन त्यांनी दिले होते आणि ते पाळले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

रेव्हरंड टिळक आपल्या पंथाचे नव्हते, हे मी विसरलो नाही. परंतु मराठी भाषेत येशूचे नाव ज्या गोडीने आज घेतले जाते, त्यात त्यांचा वाटा एवढा मोठा आहे की येथे पंथाची भिंत आड आणणे मला कृतघ्नपणाचे वाटते. त्याचबरोबर त्या भेटीची किंमत कोणी मोजली, तेही सांगितले पाहिजे. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' मध्ये त्या वर्षांची हकीकत लिहून ठेवली आहे. पती दुरावला, घर मोडले, लहान मुलाला घेऊन आप्तांच्या आश्रयाने दिवस काढावे लागले. आणि पुढे स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या बुद्धीने त्या पतीच्या वाटेला आल्या. डब्यातील दोन पुरुषांचे संभाषण काही तासांत संपले असेल. घरी बसलेल्या बाईचा प्रवास कित्येक वर्षे चालला.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यास येथे प्रेषितांच्या कृत्यांतील आठव्या अध्यायाची आठवण व्हावी. इथिओपियाचा एक अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचीत चालला आहे, आणि फिलिप धावत जाऊन त्या रथाशी पोहोचतो. अधिकारी त्याला वर चढून आपल्याजवळ बसण्याची विनंती करतो. शिकवण नंतर येते. जवळ बसणे आधी येते. त्या अनोळखी साहेबाने टिळकांशी वाद घालून प्रारंभ केला असता तर काय झाले असते कोण जाणे. त्याने प्रथम बाकावर जागा करून दिली.

पण आगगाडीने माणसे आपोआप सुधारली, अशी कोणाची समजूत होत असेल तर तिला दुसऱ्या एका प्रवासाने उत्तर देता येईल. १९०१ साल. साताऱ्याहून काही मुले नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून मोठ्या हौसेने गाडीत बसली. वडील कोरेगावास नोकरीवर होते, त्यांना भेटावयास ती निघाली होती. त्यांतील एक दहाएक वर्षांचा मुलगा म्हणजे पुढे ज्यांना सारे जग डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर म्हणून ओळखू लागले ते. मसूर स्टेशनावर मुले उतरली. न्यावयास कोणी आले नव्हते, कारण पत्र वडिलांच्या हाती पोहोचलेच नव्हते. स्टेशनमास्तराने ममतेने चौकशी केली. पोशाखावरून त्याला ती ब्राह्मणाची मुले वाटली होती. मुलांनी भाबडेपणाने सांगितले की आम्ही महार. त्याचा चेहरा पालटला आणि तो मागे सरला. फलाटाबाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान त्यांना बसवून घेईना. शेवटी एक तयार झाला तो दुप्पट भाड्यावर. गाडी मुलांनी हाकावयाची आणि त्याने बाजूने चालावयाचे, ह्या अटीवर! ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

बंधूंनो, ह्या प्रसंगाचा मी पुष्कळ विचार केला आहे. रुळावर होती तोवर ती मुले इतर उतारूंसारखीच उतारू होती. रूळ संपला आणि पाऊल फलाटाखाली पडले, तेथे जुने जग पूर्वीसारखेच वाट पाहत उभे होते. फलाटावरही ते नव्हते असे कसे म्हणावे? स्टेशनाच्या पाणक्यांच्या आरोळ्या, 'हिंदू पाणी', 'मुसलमान पाणी', ह्या कित्येक वर्षे चालू होत्या. एकाच इंजिनाने ओढलेले लोक एकाच हंड्यातले पाणी पीत नव्हते. ख्रिस्ती उतारूने कोणत्या हंड्याकडे जावे, ह्याचा निकाल बहुधा त्याच्या कपड्यांवरून लागत असेल! आपल्या चर्चांतूनही कोणे एके काळी बाकांची वाटणी होतीच. तेव्हा स्टेशनमास्तरास दोष देताना आपण आवाज थोडा खाली ठेवलेला बरा.

पोटाच्या बाबतीतही आगगाडी दुतोंडी ठरली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद पडला, आणि वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रूळ घाईने इकडे वळले त्याचे एक मोठे कारण हेच; खामगावचा फाटा १८७० साली केवळ कापसासाठी निघाला. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तीही कापूस जवळ आणि रूळ दाराशी म्हणूनच. शेतकऱ्याला प्रथमच कळले की आपल्या शेतातील बोंडाचा भाव सातासमुद्रांपलीकडे ठरतो. दुसरीकडे लमाणांचे तांडे बसले. पिढ्यान्पिढ्या ज्यांनी ह्या देशाचे धान्य आणि मीठ वाहिले, त्यांच्या बैलांना काम उरले नाही. आणि त्यांच्यासाठी कोणी अश्रू ढाळल्याचे ऐकिवात नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्यप्रांत होरपळून निघाला. रुळांनी बाहेरून धान्य आले हे खरे. परंतु त्याच रुळांनी, जेथे भाव अधिक तेथे, धान्य बाहेरही गेले. आणि १८९६ साली मुंबईत प्लेग आला तो गाडीत बसूनच गावोगाव पसरला. स्टेशनास्टेशनांवर उतारूंना उतरवून, बगला चाचपून तपासण्यात येऊ लागले. महात्मा गांधींनी १९०९ साली 'हिंद स्वराज' मध्ये रेल्वेवर जे कठोर आरोप केले, त्यांत प्लेग आणि दुष्काळ हे दोन्ही आहेत. तथापि त्याच महात्म्याने तिसऱ्या वर्गाने हा देश जेवढा पालथा घातला तेवढा क्वचितच कोणी घातला असेल. रेल्वे नसती तर त्यांना भारत दिसला कसा असता, हा प्रश्न त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून मला विचारावासा वाटतो.

आता थोडे आपल्या कॅथलिक मंडळीविषयी. नागपुरास गाडी आली १८६७ साली; संत फ्रान्सिस डी सेल्सच्या नावाची शाळा निघाली १८७० साली; १८८७ साली नागपूर विशाखापट्टणम् पासून वेगळे होऊन स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आणि १९५३ साली महाधर्मप्रांत. रूळ आले म्हणूनच हे सारे झाले असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे मिशनरींच्या त्यागाला कमीपणा आणणारे होईल. परंतु इगतपुरी, भुसावळ, बडनेरा, अजनी, गोंदिया अशा रेल्वे वसाहतींतून गार्ड, ड्रायव्हर, फिटर आणि त्यांची कुटुंबे राहू लागली, त्यांत कॅथलिक पुष्कळ होते. आणि जेथे चार कॅथलिक घरे तेथे रविवारी मिस्सा हवी. त्याच १८८७ साली, तिकडे मुंबई, साष्टी आणि ठाण्याकडील मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांनी स्वतःस 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. गोव्याकडून व मंगळुराकडून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती मंडळींची मुंबईत गर्दी होऊ लागली होती, आणि सरकारी तसेच रेल्वेच्या नोकऱ्यांत आपण निराळे ओळखले जावे, हा त्यामागील हेतू होता. मनुष्य आपल्याच गावी बसलेला असताना शेजार पालटला की त्याला आपले नावही नव्याने ठरवावे लागते, ह्याचे याहून चांगले उदाहरण माझ्या माहितीत नाही.

गोव्यास मुरगावपासून घाटमाथ्यापर्यंतचा मार्ग १८८८ पर्यंत पुरा झाला. संत फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र देहाचे दर्शन १८९० साली खुले झाले, ते रूळ आल्यानंतरचे पहिलेच. गोडसे भटजींच्या काळी यात्रा ही आयुष्यातून एकदा घडावयाची. आता ती रजा मिळाल्यास घडू लागली. तीर्थाचे मोल ह्याने कमी झाले काय? पायी जाणाऱ्या म्हाताऱ्यास विचाराल तर तो होय म्हणेल. परंतु ज्या पांगळ्या बाईला चालताच येत नव्हते, तिला विचारा. आणि सासरी दूर दिलेल्या लेकीला विचारा. वसईची मुलगी भुसावळास दिली म्हणजे पूर्वी ती आईबापांना मेली. आता ती नाताळास येऊ लागली, बाळंतपणास येऊ लागली. आईच्या अखेरच्या घटकेला तार मिळताच निघून अंत्यविधीस तरी पोहोचू लागली. इतिहासाच्या पुस्तकांत ह्या प्रवासांची नोंद नाही. माझ्या मते आगगाडीने मनुष्याच्या अंतःकरणाला दिलेले सर्वांत मोठे दान हेच आहे.

आणि हे दान एकाएकी बंद झाले म्हणजे काय होते, तेही आपण आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे देशातील उतारूंच्या गाड्या थांबल्या. १८५३ नंतर प्रथमच ह्या देशातील गरीब मनुष्य पुन्हा गोडसे भटजींच्या काळात जाऊन पडला. अंतर पुन्हा पायांनी मोजू लागला. आपल्या नागपूरवरून माणसे डोक्यावर बोचके आणि कडेवर मूल घेऊन चालत गेली. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडनजीक सोळा मजूर मालगाडीखाली सापडून मरण पावले. ते जालन्याच्या कारखान्यातून निघाले होते; गाव मध्य प्रदेशात; भुसावळास गाडी मिळेल म्हणून रुळाच्या कडेने चालत होते. गाड्या बंद आहेत, ह्या समजुतीने ते थकून रुळावरच निजले. त्यांच्या भाकऱ्या रुळांवर विखुरलेल्या सर्वांनी चित्रांतून पाहिल्या. ज्या रुळाने त्यांना पोट भरण्यासाठी दूर आणले, त्यालाच उशी करून ते झोपले होते.

आज राजनांदगावकडे नव्या वेगाच्या गाड्या जातात. अजनीहून सुटणाऱ्या गाड्यांच्या शिट्या वारा ह्या बाजूचा असला तर रात्री ऐकू येतात. त्यांतून आजही कोणी ना कोणी उतरते. छत्तीसगडकडील बांधकामावरचा गवंडी, झारखंडची परिचारिका, केरळची विद्यार्थिनी. रविवारी ती आपल्या चर्चच्या मागच्या बाकावर येऊन बसतात, मिस्सा संपताच निघून जातात, आणि त्यांचे नाव आपणांस वर्षभर ठाऊक नसते. पुढच्या बाकावर सरकून जागा करून देणे फार कठीण नाही. एका मनुष्याने ते नागपूरच्या गाडीत केले होते.

आता माझ्या दोन विनंत्या आहेत, त्या सांगून मी आपली रजा घेतो. पहिली तरुण मंडळास. आपल्या धर्मग्रामात वाफेच्या इंजिनावर काम केलेले, अथवा तशा गाडीने येथे आलेले वृद्ध अद्याप काही आहेत. दरवर्षी थोडे कमी होत आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन जावे. कोठून आलात, कोणत्या गाडीने, सोबत काय आणले, पहिल्या रात्री कोणाच्या घरी निजलात, हे विचारून लिहून घ्यावे. दुसरी विनंती आपल्या पूज्य फादरांस. २ नोव्हेंबरला आपण सर्व मृत भक्तांसाठी प्रार्थना करतो. त्या दिवसाची एक मिस्सा थळ घाटाच्या आणि बोरघाटाच्या बिननावाच्या मजुरांसाठी, आणि करमाडच्या त्या सोळा जणांसाठी व्हावी. ते कोणत्या धर्माचे होते हे विचारण्याचे कारण नाही. वेळ फादरांनी ठरवावी; आम्ही ती स्टेशनाच्या घड्याळाप्रमाणे पाळू.